मेलेला परत येत नाही अशी मालिका

नव्या मालिकेतही मेलेला नायक परत येतो, हे आज दुपारी घाटकोपरच्या कॉमिक्सवाल्याने हसत सांगितलं. "सुपरहिरो आहे साहेब, मरून जाणार कुठे?"

माझा मित्र सुहास याने हातातला अंक खाली ठेवला. शाळेच्या दिवसांनंतर तो आज पहिल्यांदा कॉमिक्स घ्यायला आला होता. नवीन काय वाचावं हे सांगायला मी सोबत होतो.

"का रे? चित्रं झकास आहेत," मी म्हणालो.

"परत येणारे नकोत यार. मेला की मेला, असं काही बघ ना."

मग मला उमगलं. लहानपणी सुहास आणि त्याचा धाकटा भाऊ मंदार मोठ्याने कॉमिक्स वाचायचे. खलनायकाची वाक्यं सुहासची, नायकाची मंदारची. मंदार गेल्या वर्षी वारला.

मी एक मालिका शोधून दिली. तिच्यात नायक पहिल्याच अंकात मरतो आणि शहर त्याच्याशिवाय जगतं. सुहास तिथेच पुटपुटत वाचू लागला. नायकाचं वाक्य आलं की थांबायचा, कुणीतरी ते म्हणेपर्यंत थांबावं तसा, मग पुढे जायचा.

पुढचे अंक माझ्याकडे आहेत. त्यांत नायक इतरांच्या आठवणींतून बोलतो. रविवारी सुहास नाहूरला माझ्या घरी वाचायला येतोय.

तो थांबेल तेव्हा ती वाक्यं मी म्हणू, की गप्प बसू?