तो मीच आहे, आणि मी सुई घेतो

आमच्या होमोल्येच्या डोंगरात मधाच्या पेट्या ठेवणारे पुष्कळ आहेत, पण राडिसावकाकांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यांची गोष्ट सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागेल, कारण सुरुवात तिथूनच होते.

मी नेवेंका. गावातल्या पोस्टात खिडकीवर बसते. रिकाम्या वेळात फेसबुकवर एक गट चालवते, ‘होमोल्येचे घरगुती उपाय’ नावाचा. काढे, लेप, डोंगरातल्या जडीबुटी असलं काहीबाही. तेव्हा एकतीस हजार माणसं होती त्यात. एकदा सप्टेंबरात मी काकांकडे मध आणायला गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस पाठीवर पेटी घेऊन कडा चढत होता. मी फोटो काढला. खाली आल्यावर त्यांनी पोळ्याला लावलेली सुरी चाटली आणि म्हणाले, “यंदा चांगला उतरलाय.” घरी येऊन मी लिहिलं, ‘आमचे राडिसावकाका. वीस वर्षं साखरेचा आजार. रोज सकाळी एक चमचा डोंगरी मध, आणि बघा कसे कडा चढतात!’

रोजचा चमचा मी पदरचा घातला. आणि काका दिवसातून चार वेळा इन्शुलिनची सुई टोचून घेतात, हे गाळलं. फोटोखाली बरं दिसलं नसतं म्हणून. एवढंच कारण.

आठ दिवसांत तो फोटो कुठल्या कुठे गेला. आणि जाताना बदलत गेला. कुणी लिहिलं, ‘साखर उतरली.’ पुढच्यानं लिहिलं, ‘आजार गेला.’ तिसऱ्यानं लिहिलं, ‘डॉक्टर थक्क! होमोल्येच्या म्हाताऱ्यानं इन्शुलिन फेकून दिलं.’ फोटो माझाच, माणूस आमचाच, आणि बातमी कुणाचीच नाही.

काकांना हे कळलं ते दाराशी गाड्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा. लांबच्या निश शहरातून एक माणूस दोन रिकामे डबे घेऊन आला. काकांच्या बायकोनं, मिलुंका काकूंनी, पाहुणचाराच्या रीतीप्रमाणे मुरंबा आणि पाणी पुढे ठेवलं. त्यानं मुरंब्याला हात लावला नाही. म्हणाला, “मला तोच मध द्या, आजार घालवणारा.”

काका म्हणाले, “कुणाचा आजार गेला?”

“तुमचा!”

काकांनी सदरा वर करून पोटावरचे सुयांचे ठिपके दाखवले. “खायला नेणार असाल तर डबे भरून देतो. औषध म्हणून नेणार असाल तर रिकामे परत न्या.”

तो माणूस रिकामे डबे घेऊन गेला. काकू मागून ओरडल्या, “शाबास! चाळीस वर्षं लोक मध घ्यायला यावेत म्हणून देवाला मेणबत्त्या लावल्या. आता येतायत तर हा पोट उघडं करून हाकलतोय!”

दुसऱ्या दिवशी काका पोस्टात आले, टोपी काढून खिडकीशी उभे राहिले.

“नेवेंका पोरी, मी रोज चमचाभर मध खातो असं तुला कुणी सांगितलं?”

“काका, तुम्ही त्या दिवशी…”

“सुरीला लागलेलं चाटलं मी.”

मी तिथेच पोस्ट काढून टाकली, खुलासा टाकला. माझा खुलासा दोनशे लोकांनी वाचला. तोवर त्या फोटोच्या नकला किती झाल्या होत्या, देव जाणे.

मग काकांनी जे केलं ते मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. त्यांनी मला फोनवर लिहायला शिकवायला सांगितलं. हात मधमाश्या चावून चावून जाड झालेले. एका बोटानं एक अक्षर दाबायचे तर शेजारची दोन उमटायची. रोज सकाळी दहाला पोस्टात यायचे, मी तो फोटो शोधून द्यायची, आणि प्रत्येक नकलेखाली ते तेच लिहायचे: ‘फोटोतला तो मीच आहे. आजार गेलेला नाही. मी सुई घेतो. तुम्हीही सोडू नका. राडिसाव.’

लोकांनी त्यांना काय काय म्हटलं! सगळ्यात आघाडीवर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सोंबोर शहरातला लायोश नावाचा एक बसचालक होता. आमच्या गटातला, दिवसभर कुणाची ना कुणाची टर उडवणारा. त्यानं लिहिलं, ‘आजोबा, औषध कंपनीनं काय कबूल केलंय? बकरा की अख्खी गाय?’ आणखी कुणी लिहिलं की खरे राडिसाव मेले, हा तोतया आहे. त्यावर काकांनी हातात सुई धरून नवा फोटो काढायला लावला. खाली लायोशचं उत्तर आलं, ‘सुई रिकामी दिसतेय.’

मी चिडले. काका हसले. “त्याचं बरोबर आहे. मी तरी फोटोवर का विश्वास ठेवावा? फोटोनंच तर हे सगळं झालंय.”

ऑक्टोबरातला मंगळवार. अकरा वाजले असतील. काका खिडकीशी बसून लिहीत होते. त्यांच्या फोनवर एका अनोळखी बाईचा निरोप आला. नाव बिसेर्का. मी वाचून दाखवला: ‘देव तुमचं भलं करो. फोटोखालच्या नावावरून तुम्हाला शोधलं. माझी इस्क्रा नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं सुया सहन करतेय. काल सकाळपासून सुई बंद केली, तुमच्यासारखा मध सुरू केला. ती जरा ओकतेय, पोट दुखतं म्हणते, सारखं पाणी मागते. पण विष बाहेर पडताना असं होतं, असं फोटोखाली कुणीतरी लिहिलंय. अजून किती दिवस असं होईल?’

काकांचा चेहरा मेणासारखा झाला. एका हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला होता आणि दोन दिवस त्यांना इन्शुलिन मिळालं नव्हतं. ते दोन दिवस त्यांना आठवत असणार. “आज,” ते म्हणाले. “त्या पोरीकडे आजचाच दिवस आहे. फोन लाव.”

बाई फोन उचलेना. मी सोंबोरच्या रुग्णवाहिकेला फोन केला. त्यांनी विचारलं, “पत्ता?” पत्ता कुठला? तिच्या पानावर आडनावही धड नव्हतं, फक्त सोंबोर लिहिलेलं, आणि मुलीचा गच्चीतला एक फोटो.

मी तो फोटो गटात टाकला आणि लिहिलं, ‘सोंबोरमध्ये कोण आहे? मुलीचा जीव धोक्यात आहे. ही गच्ची कुणी ओळखतं का?’

पुढचा अर्धा तास मला जन्मभर पुरेल. ज्या माणसांनी ती खोटी बातमी हातोहात पुढे ढकलली होती, तीच माणसं आता त्या फोटोवर तुटून पडली. कुणी कठड्याचा रंग बघितला, कुणी मागचं धुराडं. एक बाई म्हणाली, समोरच्या पाटीवर पावाचं चित्र आहे, बेकरी असणार. आणि लायोशचं उत्तर आलं, ‘ती बेकरी माझ्या बसच्या वाटेवर आहे. आज सुट्टी आहे माझी. सायकल काढतो.’

टर नाही, काही नाही. एवढंच.

बेकरीतल्या बाईला मुलगी ठाऊक होती. तिनं इमारत आणि मजला सांगितला. लायोशनं तो आम्हाला कळवला, मी रुग्णवाहिकेला कळवला. मग लायोशचा फोन आला, धापा टाकत. “दाराशी आहे. बाई साखळी काढत नाही. म्हणते मला औषधवाल्यांनी पाठवलंय. आजोबांना बोलायला सांगा!”

मी इकडे स्पीकर लावला, त्यानं तिकडे फोन दाराच्या फटीशी धरला. काका उभे राहिले, जणू ती समोरच होती.

“ताई, मी राडिसाव. मधवाला.”

“तुम्ही? खरंच तुम्ही?”

“मीच. नीट ऐका. आज सकाळी सहाला मी सुई घेतली. काल घेतली. उद्या घेणार. माझा आजार गेलेला नाही, मरेपर्यंत जाणार नाही.”

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “मग ते लिहिलं होतं ते?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आता हे माझं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं, असं मला वाटलं.

“ते खोटं आहे,” काका म्हणाले. “चूक आमची आहे. शिव्या नंतर द्या, मी रोज फोन करून ऐकून घेईन. आत्ता पोरीच्या तोंडाचा वास घ्या. पिकल्या फळासारखा येतो का?”

ती गेली. परत आली तेव्हा रडत होती. “येतो. आणि ती नीट बोलत नाहीये.”

“हा विष बाहेर पडायचा वास नाही, ताई. तिला इन्शुलिन हवंय. रुग्णवाहिका निघालीये. साखळी काढा.”

साखळी पडल्याचा खणखणाट आम्ही चारशे किलोमीटरवर पोस्टात ऐकला. टपाल घ्यायला आलेली माणसं रांग सोडून खिडकीभोवती जमली होती. मिलुंका काकू काकांचं जेवण घेऊन आल्या होत्या, त्या भांडं पोटाशी धरून तशाच राहिल्या. मग छातीवर क्रूस काढून म्हणाल्या, “माझ्याशी इतकं बोलला नाहीस कधी, मेल्या,” आणि रडायला लागल्या.

इस्क्रा चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बिसेर्काला सांगितलं म्हणे, की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं. बिसेर्कानं काकांना शिव्या दिल्या नाहीत. मला दिल्या. मी फोन करून माझं नाव सांगितलं होतं. सगळ्या ऐकून घेतल्या.

काका त्यानंतरही थांबले नाहीत, उलट जोर धरला. गटात कुणी काही टाकलं की खाली यांचा प्रश्न: ‘कोण म्हणालं? त्याला तुम्ही भेटलात का? त्यानं औषध सोडलं का, की दोन्ही घेत होता?’ कांद्याच्या रसावर प्रश्न, गाढविणीच्या दुधावर प्रश्न. लोक वैतागले. सात हजार सोडून गेले. मी म्हटलं, “काका, गट रिकामा कराल.” ते म्हणाले, “पेटीत माश्या कमी चालतील, रोगट नकोत.”

एकदा तेही तोंडावर पडले. रक्तदाबाच्या एका गोळीचा साठा सरकारनं परत मागवल्याची बातमी कुणीतरी टाकली. काकांनी फटकारलं, ‘अफवा! घाबरवू नका.’ गटातल्या एका औषधविक्रेतीनं सरकारी पत्रच पुढे ठेवलं. बातमी खरी होती. काकांनी रात्रभर वाट पाहिली नाही, तासाभरात लिहिलं, ‘मी न विचारताच खोटं म्हणालो. न विचारता खरं म्हणणाऱ्यात आणि माझ्यात फरक राहिला नाही. माफ करा.’ हजारोंच्या त्या गटात तोपर्यंत कुणी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. खाली लायोशनं लिहिलं, ‘आजोबा, बकरा परत करा.’ पण त्यानंतर लोक बदलले. आपणहून लिहू लागले, हे मी अमुक ठिकाणी वाचलंय, हे मला माहीत नाही, हे डॉक्टरला विचारून सांगतो.

आता काका सत्याहत्तरचे आहेत. आजारानं एका डोळ्याची नजर नेली, दुसरी अधू आहे. पेट्या पुतण्याला दिल्या. काकू वाचून दाखवतात आणि तेच उत्तर टंकतात, वर स्वतःच्या पदरची एखादी शिवी घालून. तो फोटो अजून मेलेला नाही. कधी बल्गेरियात उगवतो, कधी ग्रीसमध्ये, दरवेळी म्हाताऱ्याचं नाव नवं. मी विचारलं, “कंटाळा नाही येत, काका? हे संपणारच नाही.”

“आजारही संपणार नाही,” ते म्हणाले. “मी रोज सुई घेतोच ना?”

या वसंतात तो फोटो हंगेरीच्या भाषेत आला. काकूंना एक अक्षर वाचता येईना. आम्ही लायोशला फोन लावला, त्याची ती घरची भाषा. काका एकेक वाक्य सांगत होते, लायोश पलीकडून आपल्या भाषेत एकेक अक्षर सांगत होता, मी लिहून घेत होते. मध्येच काकांनी विचारलं, “इन्शुलिनला काय म्हणतात रे तुमच्यात?”

“इन्शुलिनच, आजोबा.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “ते मोठ्या अक्षरात लिही.”