आखाजीसाठी केलेले शिकंजे

फाल्गुनातल्या एका सकाळी मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या शेडमध्ये अँबॅसिडरच्या दाराला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासत होतो. समोरचा किराणा दुकानदार गिऱ्हाईक सोडून स्वतः रस्ता ओलांडून आला, तेव्हाच मी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. त्याच्याकडे धुळ्याहून फोन आला होता. माझे तिथले जुने शेजारी नाना, त्यांची अक्का गेली होती. सकाळी चहाचं आधण ठेवलं, जरा टेकते म्हणाली, आणि टेकली ती... संध्याकाळी मी धुळ्याला पोहोचलो. नाना शेडच्या दारात बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी सरकून जागा करून दिली. मी बसलो आणि मनसोक्त रडलो. ते एकदाचं झालं ते बरंच, कारण अक्काबद्दल लिहायला बसलो की मला जीपच्या मडगार्डाला लटकलेली सांडशी दिसते आणि हसू आवरत नाही. तेव्हा हा लेख वाचून कुणी हसलं तर त्यात अक्काचा अपमान नाही.

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या आग्रा रोडला नानांची आणि माझी शेड लागून होती. मधे फक्त एक पत्र्याची भिंत. नाना ठोकलेल्या, गंजलेल्या गाड्यांचा सडका पत्रा कापून नवा जोडायचे, मी त्यावर रंग मारायचो. जोडकामात खरी मेख वेल्डिंगची नसते, पत्रा धरण्याची असते. दोन पत्र्यांच्या कडा सारख्या पातळीवर राहिल्या पाहिजेत. एक कड केसभर वर आली, की मला तिथं किलोभर लांबी भरावी लागते आणि गिऱ्हाईक शिव्या पेंटरला देतं. नानांकडे हा पत्रा धरायला अक्का होती, त्यांची बायको. हातात पकड, पदर खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. नानांनी "धर" म्हणायचं आणि अक्कानं धरायचं. कामाला ठेवलेली माणसं आली नि गेली, पण अक्कासारखा स्थिर हात नानांना मिळाला नाही. आणि हेच तिच्या मुळावर आलं.

कारण लग्नसराईच्या तोंडावर गाड्यांची रांग लागायची आणि नेमकी तेव्हाच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यायची. खान्देशात आखाजीला माहेरी जाऊन झोका न खेळलेली सासुरवाशीण म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. अक्काचं माहेर बोदवडचं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण एकाही आखाजीला तिला जाता आलं नव्हतं. दिवाळीला जायची, पण दिवाळीला झोका कुठं असतो? बोदवडची बोली धुळ्यात राहून अहिराणी झाली होती, तरी झोक्यावरची गाणी ती माहेरचीच म्हणायची, तीही पत्रा धरून. एका वर्षी होळी झाली आणि तिनं विषय काढला.

"बारा वरीस व्हयनात, आखाजीना झोका देखा नही मी."

नानांनी वेल्डिंगचा टॉर्च न विझवताच विचारलं, "आन् पत्रा कोन धरी?"

"पत्रा धराले बाईज पाहिजे का? सांडशी बी धरस ना!"

नाना हसले, तिथंच चुकले. दुसऱ्या दिवशी अक्का खरोखरच घरातली सांडशी घेऊन आली. दोन्ही पत्रे सांडशीच्या तोंडात धरले, दांडे सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळले आणि कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहिली. नानांनी वेल्डिंगचा टाका मारला. ट्यूब पेटली, शेडभर रबराची दुर्गंधी सुटली, आणि आगीकडे बघताना नानांचा हात हलला तो असा, की सांडशी जीपच्या मडगार्डालाच जोडली गेली. ओढली, ठोकली, निघेना. नेमका तेव्हाच जीपचा मालक दोंडाईच्याहून आला. त्यानं लटकणाऱ्या सांडशीकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे नवीन निघालंय का?" मी रंगाच्या डब्यांमागे जाऊन बसलो. त्या दिवशी घरात वरणाचं पातेलं पदरानं उतरवावं लागलं, आणि नानांना वाटलं, विषय संपला.

विषय संपणार कसा? अक्कानं भंगारातून गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे आणले, मला कामाला लावलं, नानांच्याच भट्टीत ते वाकवून घेतले. दोन पट्ट्या, मधे बोल्ट, वर हातानं फिरवता येईल असा कानांचा नट. असा शिकंजा पत्रा घट्ट धरायचा, पण वितळलेलं लोखंड त्यालाही चिकटायचं. चार शिकंजे छिन्नीनं तोडून काढले. पाचव्या वेळी अक्का चिडून खाली बसली. आणि बसल्या बसल्या तिनं ते पाहिलं, जे ती बारा वर्षं हातभर अंतरावरून पाहत होती.

"तुम्हना टॉर्चना तोंडले तर काहीज चिकटत नही. ते कसानं शे?"

ते तांब्याचं होतं. नाना आयुष्यभर तो टॉर्च वापरत होते, पण हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मला तर मुळीच नाही. घरात तांब्याचा एक फुटका गडू होता, अक्कानं तो कापला आणि प्रत्येक शिकंज्याच्या जबड्याला तांब्याची पट्टी बसवली.

आखाजीला तीन दिवस उरले होते. नानांनी अट घातली, एक पुरं मडगार्ड नुसत्या शिकंज्यांवर जोडून होऊ दे, मग जा. अक्कानं नऊ शिकंजे लावले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली, उगाच कुणी म्हणायला नको. नानांनी दोन-दोन बोटांवर टाके मारले, ओल्या फडक्यानं पत्रा थंड केला, शिकंजे सोडले. एकही चिकटला नाही. मग त्यांनी डोळे मिटून जोडावरून तळवा फिरवला... एकदा, दोनदा. खोट काढायची फार इच्छा होती बिचाऱ्यांची.

"जाय," ते म्हणाले.

अक्काची पिशवी सकाळपासून माझ्या शेडमध्ये भरून ठेवलेली होती! मी तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. गाडी लागली तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही बाईनं. इकडे चार दिवस नानांचं काम शिकंज्यांवर सुरेख चाललं, फक्त ते अधूनमधून हवेला "धर" म्हणत होते. मी भिंतीपलीकडून "धरलं, धरलं" असं ओरडायचो. पाचव्या दिवशी अक्का परतली ती तळहातावरचे फोड दाखवतच. "हाई पत्रान्या नहीत," म्हणाली, "झोकाना दोरन्या शेतस." पुढं एकही आखाजी तिनं सोडली नाही. मी जळगावला आलो, धुळ्याला अर्ध्या आग्रा रोडनं तसले शिकंजे करून घेतले, आणि अक्का दर वर्षी नेमानं बोदवडला जात राहिली.

यंदाची आखाजी तिच्या जाण्यानंतर काही आठवड्यांतच आली. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. ते पाण्याला घरी येतात, असं मानतात. नानांच्या सुनेनं धुळ्याच्या घरी सगळी तयारी केली होती. पण सकाळी नाना कोरी घागर मांडीवर घेऊन एसटीनं जळगावला आले आणि मला म्हणाले, "चाल भाऊ, बोदवडले." मी म्हटलं, नाना, घागर सासरघरी, धुळ्याला भरतात. "आखाजीले ती धुयामा कसी सापडी?" ते म्हणाले. मी शेडला कुलूप लावलं.

बोदवडला अक्काच्या भावानं ओसरीवर पाट मांडला. अंगणातल्या निंबाला झोका होता, पोरी गात होत्या. नानांनी घागर भरली, नैवेद्याला गोड सांजोरी ठेवली, हात जोडले. दुपारच्या गाडीला निघताना भावजयीनं हळूच विचारलं, संध्याकाळी घागर उचलायची ना?

नाना चपला घालत होते. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चार दिनना आत ती आठेथीन कधी निंघनी नही."