लेकरांची सावड

"ए म्हाताऱ्या, ती पोरं बाहेर काढ. फरशी घाण होईल."

शेठचा मुलगा बोलला. माझ्या नातवाच्या वयाचा. सगळ्या बायांसमोर.

मी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसवर वॉचमन. इथं द्राक्षं पेट्यांत भरतात, परदेशी जातात. ज्या फरशीवर पोरं निजली होती ती पाळणाघराची. दारावर पाटी आहे, पाळणाघर. आत लेकरं चालत नाहीत.

पाळणाघर माझ्या बायकोच्या डोक्यातून निघालं. आम्ही पेठकडचे, डोंगरातले. आमच्यात भातलावणीला सावड असते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. इथं आलो तेव्हा बाया तान्ही लेकरं रिकाम्या क्रेटमध्ये ठेवायच्या. एकदा हातगाडी क्रेटला धडकली. लेकरू वाचलं. बायको म्हणाली, "बायांनो, भाताची सावड करतो, मग लेकरांची का नाय?"

शेडमागं लिंबाखाली लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. रोज एक बाई झोळ्यांपाशी. तिच्या वाटच्या पेट्या बाकीच्या भरायच्या. मुकादम हसला, "डोंगरातली अक्कल." हसू दे. दर हंगामाला नव्या बाया आल्या, त्याही शिकल्या. कुणी सांगावंच लागलं नाही.

मग परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला यायला लागली. शेठनं लिंब तोडला, खोली बांधली. भिंतीवर हत्ती, ससे. उद्घाटनाला माईकवर म्हणाला, "ही माझी कल्पना." बायको मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी चिडलो. ती म्हणाली, "नाव घेऊ दे त्याला. लेकरं सावलीत निजतील ना?"

त्याच पावसाळ्यात ती गेली.

नंतर खोलीला कुलूप. तपासणी आली की उघडायचं, लेकरं धुऊनपुसून बसवायची, फोटो, परत कुलूप. किल्ली माझ्याकडं. आणि मी राहायचो शेठच्याच दुसऱ्या खोलीत, गेटापाशी. नोकरी गेली की छप्पर गेलं. बायकोनं जीव त्याच खोलीत सोडला. तिची चूल तिथंच. कुठं जाणार होतो? कुलूप लावत राहिलो.

त्या दिवशी ऊन म्हणजे इस्तव. एक बाई आली, "तात्या, उघडा की. पोरगी तापलीय." मी उघडलं. तिच्यामागं आणखी एक आली, लेकरू घेऊन.

आणि हा शेठचा पोरगा आला.

मी हललो नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "तुझी म्हातारी मेली. आता तिचं नाटक बंद."

मेली म्हणाला. कुत्रं मेल्यासारखं.

मी म्हणालो, "पोरं नाय काढणार."

"मग खोली खाली कर. आजच्या आज."

"करतो."

तेवढ्यात शेडमधून एक बाई हात पुसत आली. मला म्हणाली, "सरका तात्या, आज माझा नंबर. तुम्हाला झोळीची गाठ तरी येती का?" बाया हसल्या. तिनं खिडकीच्या गजाला लुगडं बांधलं. बाकीच्यांनी तिच्या पेट्या ओढून घेतल्या आणि कामाला लागल्या. माल उन्हात, गाडी दारात. तो कुणाकुणाला हाकलणार?

मला मात्र हाकललं. आता मजुरांच्या ताडपत्रीखाली निजतो. तिची चूल तेवढी उचलून आणली. सकाळी पाळणाघराच्या दारात जाऊन बसतो. तो पोलिसांची भीती घालतो. आणू दे. त्याला कुलूप लावायचंच असेल तर आधी मला आत कोंडावं लागेल, लेकरांसकट. मी उठणार नाही.