मंगलचा अर्ज आणि माझं लिनक्स

आळेफाट्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दारावर पाटी आहे : 'पाण्याची मोटार काढून आणण्याआधी वायर तपासा.' पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली. ती या भागात सगळ्यांनी वाचली आहे. न वाचणारा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी तिच्याखाली उभा राहून शटर वर करतो.

ही गोष्ट फाट्याजवळच्या गावी, आमच्या घरी, नवं नवं ब्रॉडबँड आलं तेव्हाची. माझा जुन्नरला सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स झालेला. त्यामुळे गावात कॉम्प्युटर म्हटलं की मीच! (दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.) मग एकदा व्हायरस लागून सगळं झोपलं, आणि मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. शेजारचे पोपटभाऊ बघायला आले.

"हे काय नवीन काढलं, राव?"

"लिनक्स. याला व्हायरस लागत नाही, हे फुकट आहे आणि हे हुशार माणसालाच चालवता येतं." (यातलं तिसरं सीडीच्या पाकिटावर छापलेलं नव्हतं. ते माझ्या पदरचं.)

आता माझी बायको मंगल. नर्सिंग शिकलेली, सहा वर्षं नारायणगावला खाजगी दवाखान्यात राबलेली. त्या वर्षी सरकारी नर्सची भरती निघाली. अर्ज फक्त इंटरनेटवर. वयाच्या अटीत मंगल जेमतेम बसत होती, पुढच्या भरतीला बसणार नव्हती. म्हणजे हीच शेवटची संधी. शेवटची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

खंडेनवमीच्या सकाळी ती म्हणाली, "अवो, आजच भरून टाकू ना अर्ज."

"आज? आज अवजारांची पूजा! पान्हे, मीटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना विसावा. दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"आन् ऐन टायमाला बंद पडलं म्हंजी?"

"अगं, लिनक्स आहे ते!" मी म्हणालो. त्या काळात माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर असायचं.

मी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढल्या, मोडेम पुसून पाटावर उताणा ठेवला, झेंडूचा हार घातला, यथासांग पूजा झाली. दोन दिवस सगळी यंत्रं विसावली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि मंगल कागदपत्रांची फाईल घेऊन शेजारी बसली. इंटरनेट नाही. कोपऱ्यातल्या खुणेवर लाल फुली!

"काय झालं?"

"काही नाही. जागं होतंय."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. जागं काही होईना. मग मी बाह्या सरसावल्या आणि ती काळी खिडकी उघडली, जिच्यात लिनक्सला हुकूम सोडायचे असतात. काळ्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली की बघणाऱ्याला वाटतं, गडी लई हुशार आहे. मी पहिला हुकूम सोडला. उत्तर आलं, नेटवर्कपर्यंत पोचता येत नाही. दुसरा सोडला. तेच. मग मी सेटिंगच्या फाईलींत शिरलो आणि दिसेल तो आकडा बदलत सुटलो.

मंगल कॅलेंडरच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"तुमी काय काय करताय ते. वॉर्डात पेशंटला काय दिलं ते टाईम घालून लिहावं लागतं. सवय हाय."

"लिही, लिही! शिकायला मिळेल," मी म्हणालो. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

तीन वाजले. माझे वडील, म्हणजे आण्णा, गोठ्यातून हात धुऊन आले. "दिन्या, फोन चालू हाय ना?"

"आहे."

"मग ह्याची वायर बघितलीस का?"

"आण्णा, ही काय विहिरीवरची मोटार आहे? लिनक्स आहे हे! यातला सगळा बिघाड आत असतो, प्रोग्रॅममध्ये!"

आण्णा हात पुसत खाटेवर बसले. (वाद घालायला माणूस तोलामोलाचा लागतो, हे त्यांचं धोरण.) तेवढ्यात पोपटभाऊ आले आणि त्यांनी दारातूनच निदान केलं. "फुकटचं हाय ना ते? मंग! आमच्या टीव्हीला मी बाजूनं एक ठेवून देतो. देऊ का?"

"हात लावाल तर याद राखा, पोपटभाऊ!"

साडेतीन. मंगलचा आवाज बारीक झाला. "अवो, आळेफाट्याला कॅफेत जाऊ या का?"

खरं सांगतो, तेव्हाच जायला हवं होतं. पण कॉम्प्युटरवाला म्हणून मिरवणारा मी बायकोचा अर्ज कॅफेत भरायला नेणार? अख्ख्या फाट्यावर शोभा! मी आणखी वीस मिनिटं हट्टाने घालवली आणि मग कॅफेत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "भाऊ, आज फाट्यावर लोडशेडिंग हाय. लाईट सहाला येनार."

मंगलने कागद फाईलीत घातले. फाईलीची दोरी बांधायला लागली. ती भांडली असती तर परवडलं असतं हो! तिच्या त्या दोरी बांधण्याने माझं डोकंच फिरलं. मी उठलो, कपाटातून सीडी काढली आणि गरजलो, "सगळं पुसतो आणि नव्याने लिनक्स टाकतो!"

सीडी ट्रेमध्ये ठेवणार, तोच मंगलने माझं मनगट धरलं. सलाईन लावून घट्ट झालेला हात तो!

"माझा फोटो, माझी सही, समदं त्यातच हाय! पुसायचं नाव काढलं तर बघा! सरका तिकडं."

मी सरकलो. ती खाली वाकली आणि मोडेमकडे बघत राहिली. "ह्याच्यावर चार दिवे हायत. तीन लागल्यात, चौथा न्हाई. हा कशाचा?"

"कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीचा," मी म्हणालो.

तिने वायर ओढली. नुसती ओढली तर निघून हातात आली. परत घातली, तर टिच असा आवाज येऊन बसायला हवी ती बसेना. तिने मोडेम बंद केला, बॅटरीचा उजेड पाडून भोकात पाहिलं, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि जखमेतून काच काढावी तशी हलक्या हाताने आत फिरवली. तळहातावर पडला एक तांदूळ. कुंकवाने लाल झालेला. अक्षतांमधला!

वायर टिचकन बसली. चौथा दिवा लागला. पोपटभाऊंनी टाळी वाजवली, आण्णांनी देवाकडे हात जोडले, आणि इंटरनेट... तरीही बंद!

कारण आता खरोखरच बिघाड आत होता, प्रोग्रॅममध्ये. मीच केलेला! दीड तास मी जे आकडे बदलले होते, त्यातला मूळचा एकही मला आठवेना. घड्याळात सव्वाचार. माझ्या कपाळावर घाम, आणि त्या काळ्या खिडकीत माझ्याच अकलेचा उजेड.

"बसा," मंगल म्हणाली आणि कॅलेंडर उलटं केलं. "खालून वर जाऊ. तीन चाळीस, चौथी ओळ. आधी काय व्हतं ते बी लिवलंय. टाका."

ती वाचत गेली, मी टाकत गेलो. तीन बत्तीस. तीन पंधरा. दोन पन्नास. वेळेसकट, जुन्या आकड्यासकट, एक ओळ चुकली नाही. दोन वाजून दहा मिनिटांची शेवटची ओळ पहिल्यासारखी केली, नेटवर्क बंद करून चालू केलं आणि लाल फुली गेली! भरतीचं पान उघडलं. मंगलने मला हाताने बाजूला सारलं आणि स्वतः भरायला बसली. नाव, शिक्षण, अनुभव, फोटो, सही. चार वाजून बावन्न मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली : आपला अर्ज स्वीकारला आहे.

काय ओरडलो सगळे! पोपटभाऊंनी अर्ज त्यांचाच असल्यासारखी उडी मारली. आण्णांनी गुळाचा खडा मंगलच्या हातावर ठेवला. मंगल हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि मला तर हुंदकाच आला. तो लपवायला मी तांदूळ उचलून दरडावलं, "आता मला सांगा, मशिनवर अक्षता कुणी उधळल्या?"

 आण्णा गूळ चघळत म्हणाले, "मंगल नुसतं कुंकू लावत व्हती. तूच म्हनलास, सरका, माझ्या मशिनची पूजा मीच करनार. आन् मूठभर टाकल्यास की."

मंगलला नोकरी लागली. तळेघरकडच्या एका आरोग्य केंद्रात ती रुजू झाली, तेव्हा पेढे मी वाटले आणि तांदळाची गोष्ट पोपटभाऊंनी वाटली. पेढे एका दिवसात संपले. गोष्ट अजून पुरतेय. आजही गिऱ्हाईक मोटार दुकानात ठेवतं, वर पाटीकडे बघतं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतं, "भाऊ, वायर बघितली, तांदूळ बी बघितला. न्हाईच जमलं, म्हणून तुमच्याकडं आणली."

मीही तेवढ्याच गंभीरपणे मोटार ठेवून घेतो. आणि गिऱ्हाईक वळलं की आधी बॅटरीचा उजेड पाडून आत बघतो.