वाचनाच्या तासाला बाहेर गेलेली मुलं

मिशिगन सरोवराकाठच्या आमच्या शहरात शाळांना कुलूप लागतं ते निकालावरून. लिंडेल शाळेला शिक्षण मंडळाने शेवटचं वर्ष दिलं होतं. तिसरीची मुलं वाचू लागली नाहीत तर शाळा बंद. अशा वेळी ऑर्डेला पेटवे तिथे मुख्याध्यापिका म्हणून आल्या. त्या त्याच वस्तीतल्या, एका बसचालकाची मुलगी.

सुरुवातीला त्यांनी काहीच बदललं नाही. रोज सकाळी त्या तिसरीच्या वर्गात मागे बसत. ग्रेस वॉइचिक बाईंनी धडा सुरू केला की मदतनीस येत आणि कच्च्या मुलांना जादा वाचनासाठी दुसऱ्या खोलीत नेत.

"ग्रेस, ज्यांना वाचता येत नाही, नेमकी तीच वाचनाच्या तासाला बाहेर?"

"मदतच मिळते ना त्यांना!"

"आणि तुझा धडा ऐकतं कोण? ज्यांना आधीच येतोय ते?"

"इतकी वर्षं असंच चाललंय, मिस पेटवे."

"म्हणूनच तर ही पाळी आली."

दुसऱ्या दिवसापासून मदतनीस त्या मुलांसह वर्गातच बसू लागल्या. मंडळाचे अधिकारी लमाँट डीस धावत आले.

"ऑर्डेला, अनुदान जादा शिकवणीचं आहे. मुलं वेगळ्या खोलीत दिसायला हवीत."

"जेवणानंतर ये, दिसतील. सकाळी ती ग्रेसची."

"निकाल घसरला तर तुझ्यावर शेकेल."

"ते तसंही शेकणारच होतं रे बाबा."

हिवाळ्यात वर्गात इतका गोंगाट वाढला की ग्रेसबाईंनी बदली मागितली. पेटवे म्हणाल्या, "आठवडाभर मी शिकवते, तू बघ." त्यांनी वाईट शिकवलं. मुलं हसली. "अहो, फार घाई करता तुम्ही," असं म्हणत ग्रेसबाईंनी दोन दिवसांतच खडू काढून घेतला. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मेअखेरीस डीस यांचा फोन आला. शाळा राहणार होती.

पेटवे तिसरीच्या वर्गाबाहेर ग्रेसबाईंना भेटल्या.

"वाचलो."

"चांगला निकाल लागला?"

"छे गं. काठावर."

"काठावर तर काठावर," म्हणत ग्रेसबाई भिंतीला टेकून तिथेच जमिनीवर बसल्या. पेटवेंनी बूट काढले आणि त्याही शेजारी बसल्या. सकाळपासून दोघींनी काही खाल्लं नव्हतं. पेटवेंच्या पिशवीत मक्याच्या पावाचा एक तुकडा होता. तो त्यांनी अर्धा अर्धा केला.