छत्रीच्या नळीवरचा टिळा

वडूजला आमच्या स्लॅबवर केबलवाल्याची मोठी जाळीची छत्री होती. केबलवाला म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याचं घर पत्र्याचं, म्हणून छत्री माझ्या डोक्यावर. बदल्यात मला टीव्ही फुकट. दोन्ही घरांच्या मधे एक कडुलिंब. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा हद्द म्हणून त्या झाडाकडेच बोट दाखवलं होतं. दगड नाही, कुंपण नाही. झाड होतं तोवर माझी जागा माझी होती.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्यानं डिजिटलची पेटी आणली. चित्र एकदम स्वच्छ. दसऱ्याच्या तोंडावर बिघडलं. जुन्या चॅनेलांवर थोड्या मुंग्या आल्या, एवढंच. पेटीतल्या चॅनेलांचे मात्र नुसते चौकोन. माणसाचे डोळे एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. गिऱ्हाइकं त्याच्या दारात येऊन भांडू लागली.

तो वर जाऊन आला आणि म्हणाला, "काकी, लिंब आडवा येतोय. तोडाय लागंल."

"दसऱ्याच्या आदी येत न्हवता व्हय?"

"वाढला की आवं. पालवी फुटली."

"आत्ता? लिंबाला पालवी चैतात फुटती. शेतकऱ्याच्या पोटचा ना रं तू?"

"डिजिटलला एक पान बी चालत न्हाई. तुमाला त्यातलं काय कळतंय?"

त्यातलं मला कळत नव्हतं. मी चौथी शिकलेली. पण छत्रीचं तोंड आभाळाकडे आणि झाड तिच्या पाठीमागे, हे दिसायला शाळा लागत नाही. शिवाय त्याच आठवड्यात त्याची आई झाडाखाली चुना टाकून गवंड्याला न्हाणीघराची जागा दाखवत होती. मी खिडकीतून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाडवाला घेऊन आला. मी पोतं अंथरून झाडाला टेकून बसले.

"पेटी बसवली तो सांगलीचा मेकॅनिक आण. त्यानं झाडाला दोष दिला तर पयला घाव मी घालते."

कुऱ्हाडवाला हसला आणि बिडी पेटवून माझ्याशेजारीच बसला. चार गिऱ्हाइकं ऐकत होती, म्हणून पुतण्याला मेकॅनिक बोलवावाच लागला.

सांगलीच्या विश्रामबागेतून तो आला. पुतण्या त्याला घेऊन स्लॅबवर चढला, त्यांच्यामागून मीही चढले. दोघं मिळून काय ठरवतील याचा भरवसा नव्हता. मेकॅनिक छत्रीच्या मधोमध असलेल्या, सिग्नल आत घेणाऱ्या नळीकडे बघत राहिला.

"हे कुंकू कुणी लावलं?"

"खंडेनवमीला म्या," पुतण्या म्हणाला. "नळी काढून पुसली, हळदकुंकू वाहिलं, परत बसवली."

"आणि टिळा पुढं दिसावा म्हणून फिरवली?"

"मग काय टिळा मागल्या अंगाला ठिवू?"

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, वरून एकाच वाटेनं दोन सिग्नल येतात, एक उभा, एक आडवा. नळी बरोबर बसलेली असली की हवा तो आत येतो, नको तो बाहेर राहतो. ती फिरली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. जुन्या चॅनेलांचं तेवढ्यानं अडत नाही. पेटीला मात्र सिग्नलमधले आकडे ओळखावे लागतात. ते ओळखू आले नाहीत की चौकोन.

त्यानं नळी हळूहळू फिरवली. खालून टीव्हीसमोरून माझी सून ओरडली, "आलं, आलं! आवं गेलं की! मागं घ्या जरा! हां, ऱ्हाऊ द्या!"

टिळा मागच्या बाजूला गेला होता. कुऱ्हाडवाला आपली कुऱ्हाड घेऊन गेला.

पुतण्या म्हणाला, चुकून झालं. नळी चुकून फिरली असेलही. चुना चुकून पडत नाही.

पुढच्या खंडेनवमीला तो ताट घेऊन वर आला तेव्हा मी आधीच तिथं उभी होते. "टिळा लाव, नळीला हात लावू नगंस." त्याची पूजा झाल्यावर त्याच ताटातलं कुंकू घेऊन मी खाली आले आणि लिंबाच्या बुंध्याला, त्यांच्या दाराकडच्या बाजूनं, तळहाताएवढा टिळा लावला.

"झाडाला कशाला, काकी?"

"तुझ्या आईला दारातनं दिसावं म्हणून."