तलावाच्या काठावरचा माझा वाटा

आपलं करडी गाव सोडून निघाले तेव्हा माझी बॅग बाबांच्या हातात होती, आणि ती एसटीच्या दाराला टकटक आपटत होती. त्यांचा हात थरथरत होता. "थंडी वाजून राहिली वं," बाबा म्हणाले. भर मे महिन्यात! मी हसले. आई हसली नाही.

त्याच वर्षी बाबांचं तलावात जाळं फेकणं सुटलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आणि योगायोग बघा, हैदराबादेत मला नोकरी लागली ती त्याच आजारावर औषध शोधणाऱ्या प्रकल्पात. मी शास्त्रज्ञ नव्हे बरं का, ऑफिस सांभाळणारी. चार प्रयोगशाळा, तीन देश. त्यांच्या मीटिंगा जुळवायच्या, तिकिटं काढायची, बर्फातली पार्सलं कस्टममधून सोडवायची. "तू दवाई बनवून राहिली का?" आई फोनवर विचारते. "नाही वं माय, बनवणाऱ्यांचा चहा थंड होऊ देत नाही."

मागच्या वर्षी सगळंच अडलं. मेंदूच्या पेशींचे नमुने मोजकेच, आणि ते एका प्रयोगशाळेनं वाटायचे. बाकीच्यांना संशय, की चांगले तेवढे तीच ठेवून घेते. मेलवर मेल, आणि काम ठप्प. इकडे बाबांना शर्टाची बटणंही लावता येईनात. माझा जीव टांगणीला लागला होता.

आपल्या तलावावर मासे निघाले की काठावर वाटे पडतात, आणि पाडणाऱ्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. वाटे पाडायचे बाबा. कधी कुरबूर ऐकली नाही. मीटिंगमध्ये मी फक्त टिपणं घेते, पण त्या दिवशी राहवलं नाही, हे सांगून टाकलं. मग वाटणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाई खळखळून हसल्या. "चालेल, आम्ही शेवटी घेऊ." काम सुरू झालं. देवा, किती हायसं वाटलं!

औषध बाबांच्या हयातीत येईल असं कोणी म्हणत नाही, आणि मीही आईला खोटी आशा लावत नाही.

हिवाळ्यात सुट्टीवर आले, तर काठावर बाबा बसलेले. जाळं फेकता येत नाही, पण गाववाल्यांनो, वाटे अजून तुम्ही त्यांच्याच हातून पाडून घेता. तुमचे उपकार मी कसे विसरू? आमच्या वाट्याशेजारी एक लहानसा ढीग होता.

"हा कोनाचा?"

"तुया. तू नसली तरी दरसाल पडते. मंग आमीच खातो," बाबा हसले. सगळ्यांनी उचलल्यावर त्यांनी थरथरत्या हातांनी तो माझ्या टोपलीत टाकला.

हैदराबादेत दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण घर मला तेच वाटतं, जिथं मी नसतानाही माझा वाटा पडतो. गाव सोडून गेलेल्यांनो, एकदा घरी फोन करून विचारा. तुमचाही पडत असेल.